वाशीमचं ऊन, समृद्धीचा वेग आणि इंजिनातलं ऑईल

एमएच-३७ पासिंगच्या गाडीचा एक आठवडा नीट पाहावा. सोमवार ते शनिवार ती गावातल्या गावात असते. मुलांची शाळा, तहसील, बाजार समिती, संध्याकाळी शेतावर एक चक्कर. पाच-सात किलोमीटर गेली की थांबली. इंजिन पुरतं तापायच्या आत किल्ली फिरलेली असते. रविवारी तीच गाडी नागपूरच्या दवाखान्यात असलेल्या आप्ताला भेटायला निघते. मालेगावला किंवा शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढली की पुढचे दोन तास काटा शंभर ते एकशेवीसच्या मध्ये. एप्रिल-मे असेल तर बाहेर ४३-४४ अंश, आणि आत घरची पाच माणसं, एसी, डिकीत पिशव्या. ही दोन्ही कामं इंजिनातलं तेच तीन-साडेतीन लिटर ऑईल करतं. ते कोणतं असावं हे मात्र आपल्याकडे गाडीचा मालक क्वचित ठरवतो. तो गॅरेजवाल्याला म्हणतो, “टाका चांगलं,” आणि चहाला जातो.

या लेखाचा सगळा आग्रह त्या “चांगलं”वर आहे. चांगलं ऑईल म्हणजे महागडं ऑईल नव्हे, नावाजलेल्या कंपनीचंही नव्हे, आणि जाड तर मुळीच नव्हे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा नागपूरकडे जायचं म्हणजे कारंजा-शेलूबाजारचा जुना रस्ता. पुढे कापसाचा नाहीतर सोयाबीनचा ट्रक, मागे आपण, वेग पन्नास-साठ. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यापैकी सुमारे ९७ किलोमीटर आपल्या जिल्ह्यातून जातात, कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांमधून. मोटारींना इथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. रस्ता सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात झाले, त्यावर खूप लिहिलं गेलं, परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. ते योग्यच झालं. टायरची चर्चा घराघरांत पोचली. ऑईलची कुठेच झाली नाही, कारण खराब ऑईल टायरसारखं फुटत नाही. ते तीन-चार वर्षं घेऊन इंजिन खातं, आणि बिल आलं की आपण दोष गाडीच्या कंपनीला देतो.

आता जाडपणाकडे येऊ. वाशीमच्या अकोला नाक्यावर असो की कारंज्यात, गॅरेजच्या बाकावर थोडा वेळ बसलं की हे वाक्य कानावर पडतंच: “पान्यासारखं पातळ ऑईल हाय भाऊ हे, आपल्या उन्हात काय टिकंल?” बोलणारा खोटं बोलत नसतो. नव्या पेट्रोल गाडीचं ०डब्ल्यू-२० ऑईल बोटावर घेतलं तर ते खरोखर ओघळून जातं, आणि शेजारच्या डब्यातलं १५डब्ल्यू-४० बोटाला धरून राहतं. डोळ्यांना दिसणाऱ्या या फरकावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो. तो का चुकतो, हे आकड्यांनी सांगायला हवं.

ऑईलचा घट्टपणा सेंटिस्टोक या एककात मोजतात. ४० अंश सेल्सिअसला, म्हणजे साधारण वाशीमच्या मे महिन्यातल्या दुपारी, ०डब्ल्यू-२० ऑईल चाळीस-पंचेचाळीस सेंटिस्टोकच्या घरात असतं. १५डब्ल्यू-४० त्याच वेळी शंभराच्या वर. इंजिन चालू होऊन ऑईल १०० अंशांवर आलं की पहिलं आठच्या आसपास उतरतं, दुसरं चौदा-पंधरावर. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने, म्हणजे एसएईने, घातलेल्या मर्यादा या १०० अंशांवरच्या आहेत: २० नंबरच्या ऑईलला ६.९ ते ९.३, ३० नंबरला ९.३ ते १२.५, ४० नंबरला १२.५ ते १६.३. बेअरिंग, पिस्टन, कॅमशाफ्ट यांच्यातल्या फटी ज्या घट्टपणासाठी आखलेल्या असतात, तो चालत्या, तापलेल्या इंजिनातला घट्टपणा असतो. उन्हात उभी असलेली गाडी आपल्याला भट्टी वाटते, पण तिच्यातलं सगळ्यांत पातळ ऑईलही त्या क्षणी हवं त्याच्या पाचपट घट्ट असतं. इंजिनाच्या हिशेबी ४४ अंश म्हणजे थंडीच. एकदा गाडी तापली की थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान नव्वदीच्या आसपास राखतो, मग बाहेर वाशीमचा उन्हाळा असो की महाबळेश्वरचा हिवाळा.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा हिवाळ्याचा. ० असेल तर ऑईलची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, ५ ला उणे ३०, १५ ला उणे २०. आपल्याकडे डिसेंबरात पारा आठ-दहावर आला की लोक शेकोट्या पेटवतात. गाडी सुरू होण्यापुरतं पाहिलं तर वाशीममध्ये ० आणि ५ यांत रक्त आटवण्यासारखं काही नाही. मात्र मागचा आकडा, २० की ३० की ४०, हा इंजिनाच्या बांधणीचा भाग आहे. तिथे आपलं मत चालत नाही.

जाड ऑईलचा आग्रह आला कुठून, हेही समजून घ्यायला हवं, कारण तो अडाणीपणातून आलेला नाही. आपल्या भागात मोटार आली ती जीप, मॅटाडोर आणि काळी-पिवळीच्या रूपाने. बारा-पंधरा माणसं कोंबून पोहरादेवीच्या यात्रेला जाणारी, पातूरच्या घाटात पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये कण्हत चढणारी ती डिझेल इंजिनं. फटी मोठ्या, वेग कमी, इंधन आजच्या मानाने घाण, ऑईल बदलायचं ते पाच हजार किलोमीटरच्या आसपास. त्यांना एका नंबरचं ४० किंवा पुढे १५डब्ल्यू-४० हेच योग्य होतं. ज्या मिस्त्रीने आयुष्यभर तीच इंजिनं खोलली, त्याला जाड ऑईल टाकलेलं इंजिन टिकताना दिसलं. त्याचं निरीक्षण खरं होतं. आजही एखाद्याच्या दारात जुनी डिझेल गाडी असेल आणि तिच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलं असेल, तर तिला तेच द्यावं. शहरातल्या कुणाचं ऐकून तिच्यात महागडं पातळ ऑईल ओतू नये.

पण पुढे इंजिन बदललं. १ एप्रिल २०२० पासून देशात प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले. त्याआधीच छोट्या पेट्रोल गाड्यांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आली होती. ती ऑईलच्याच दाबावर, अगदी बारीक वाटांमधून चालते. तिथे जाड ऑईल उशिरा पोचतं. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत वरच्या भागात ऑईल पोचणं महत्त्वाचं असतं, आणि घट्ट ऑईलने फिल्टरवर दाब वाढला तर बायपास व्हॉल्व्ह उघडून ऑईल न गाळताच पुढे जातं. ज्या गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० आहे, तिच्यात १५डब्ल्यू-४० टाकल्याने इंजिन त्याच दिवशी बंद पडत नाही. मायलेज घटतं, पिकअप जड होतो, आणि झीज गुपचूप होत राहते.

इथे एक शंका रास्त आहे. पातळ ऑईल कंपन्या इंजिनाच्या भल्यासाठी सांगतात की मायलेजचे आकडे दाखवण्यासाठी? खरं उत्तर असं की मायलेज हे त्यामागचं मोठं कारण आहेच. इंधन-वापराचे सरकारी निकष २०१७ पासून लागू झाले आणि २०२२ पासून कडक झाले. प्रत्येक थेंब वाचवणं कंपन्यांना भाग आहे. पण त्यासाठी त्यांनी फक्त डबा बदललेला नाही. पंप, बेअरिंग, फटी हे सगळं त्या ऑईलभोवती बांधलं आहे. काही मॉडेलांच्या पुस्तकात पर्याय म्हणून ५डब्ल्यू-३० दिलेलं असतं. सतत भरलेली गाडी, सतत समृद्धी, लाखाच्या वर गेलेलं आणि ऑईल पिऊ लागलेलं इंजिन असेल, तर पुस्तकाने दिलेल्या त्या पर्यायाकडे जाणं मला शहाणपणाचं वाटतं. पुस्तकाबाहेर जाणं नाही.

आता आपल्या जिल्ह्याची खास गोष्ट. ट्रॅक्टरचं बकेट.

शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टर असला की कोपऱ्यात १५डब्ल्यू-४०चं एक बकेट असतंच. घाऊक घेतलं म्हणजे स्वस्त पडतं. अंगणात ट्रॅक्टरशेजारी मुलाची नवी गाडी उभी असते. डिपस्टिकवर ऑईल कमी दिसलं की बकेटातलं अर्धा लिटर तिच्यात जातं. दोन्हीकडे ऑईलच तर आहे! घट्टपणाचा प्रश्न आपण पाहिला, पण त्याहून मोठा प्रश्न ऑईलमधल्या रसायनांचा आहे. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या ऑईलमध्ये आम्ल मारण्यासाठी, काजळी धरून ठेवण्यासाठी कॅल्शियमसारख्या धातूंची संयुगं भरपूर घातलेली असतात, आणि झीज रोखण्यासाठी जस्त व फॉस्फरसची. ट्रॅक्टरला ती अमृत आहेत. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर मात्र फॉस्फरसचा थर बसतो आणि तो निकामी होत जातो. टर्बो असलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनात जास्त कॅल्शियमने आणखी एक संकट येतं: कमी वेगावर जोर लावला की ठिणगी पडायच्या आधीच इंधन पेटतं, आणि तो धक्का पिस्टन फोडू शकतो. हे टाळण्याच्या हेतूनेही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे एपीआयने, मे २०२० मध्ये ‘एसपी’ ही पेट्रोल ऑईलची श्रेणी आणली, आणि मार्च २०२५ पासून तिच्याही पुढची ‘एसक्यू’. पेट्रोलच्या श्रेणीत नवं अक्षर जुन्याची जागा घेऊ शकतं; पुस्तकात ‘एसएन’ असेल तर ‘एसपी’ चालतं. उलटं चालत नाही.

बीएस-६ डिझेल गाडीत तर बकेटाचं पाप थेट खिशावर येतं. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असते. जमलेली काजळी गाडी स्वतःच सहाशे अंशांच्या आसपास तापवून जाळून टाकते. ऑईलमधल्या धातूंची राख मात्र जळत नाही. ती गाळणीत कायमची बसते, आणि ही गाळणी बदलायची तर रक्कम पाच आकड्यांत सहज जाते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं; डब्यावर ‘एसीईए सी२’ किंवा ‘सी३’ असं लिहिलेलं असतं, किंवा गाडीच्या कंपनीची स्वतःची मान्यता. नुसता ५डब्ल्यू-३० हा आकडा जुळला म्हणून भागत नाही. दोन ५डब्ल्यू-३० डब्यांपैकी एक डीपीएफला तारणारा आणि दुसरा मारणारा असू शकतो. जिल्ह्यातल्या डिझेलवाल्यांनी या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

याच डीपीएफमुळे गावातल्या फेऱ्यांचा एक धोका उभा राहतो. काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. गाडी पाच किलोमीटरवर बंद केली की ते काम अर्धवट राहतं आणि त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. मालक खूश होतो: गाडी ऑईल पीतच नाही! खरं तर ती पातळी वाढणं हाच इशारा आहे, कारण डिझेल मिसळलेल्या ऑईलला वंगण म्हणायचं धाडस कुणी करू नये. खुणेच्या वर पातळी गेली तर ऑईल बदलावं. आणि अशा गाडीला अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात पळवून आणावं. समृद्धी त्यासाठी उत्तम रस्ता आहे; कारंजा ते शेलूबाजार एवढी धावही पुरते.

पेट्रोल गाडीतही छोट्या फेऱ्यांत न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑईलमध्ये उतरते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. इंजिन नीट तापलं तर हे सगळं उडून जातं. तापलंच नाही तर साचतं. म्हणून वर्षाला चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीलाही वर्षातून एकदा ऑईल बदलावंच लागतं. पुस्तकात बहुतेक पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं असतं. आपले लोक पहिला भाग वाचतात, दुसरा सोडून देतात. शिवाय त्याच पुस्तकात खडतर वापराचं वेगळं कोष्टक असतं: धूळ, छोट्या फेऱ्या, जड भार. वाशीम जिल्ह्यातली निम्मी वाहतूक त्या कोष्टकात बसते, असं माझं मत आहे. तिथे मुदत बरीच कमी दिलेली असते आणि तीच आपली मुदत मानावी.

धुळीचं तर विचारायलाच नको. सोयाबीनच्या काढणीत थ्रेशरमागून जाणाऱ्या पांदणीवर हवा कशी असते हे सगळ्यांना माहीत आहे. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टरमधून निसटली की ती ऑईलमध्ये मिसळून सिलिंडर घासत राहते. दोन हजारांचं ऑईल टाकायचं आणि तीनशे-चारशेचा एअर फिल्टर फुंकून पुन्हा बसवायचा, हा हिशेब उलटा आहे. काढणीचा हंगाम संपला की आधी एअर फिल्टर बदला. ऑईल फिल्टर तर प्रत्येक ऑईलबरोबर नवाच हवा. जुन्या फिल्टरमध्ये पावशेर-अर्धा लिटर काळं ऑईल राहिलेलं असतं.

समृद्धीवर निघण्याआधी एकच काम करायचं: गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहायची. सलग वेगात ऑईलचं तापमान ११०-१२० अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि अशा रासायनिक झिजेचा ठोकताळा असा आहे की दर दहा अंशांमागे तिचा वेग जवळपास दुप्पट होतो. तीन लिटरच्या जागी दोन लिटर ऑईल असेल तर ते दोन लिटर तेवढंच काम जास्त तापून करतात. टर्बो गाडीत आणखी एक पथ्य आहे. छोट्या टर्बोचं चक्र मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतं आणि त्याची बेअरिंग ऑईलवर तरंगते. १२० ने येऊन विश्रांती-थांब्यावर लगेच किल्ली फिरवली की तिथलं ऑईल थांबून करपतं. एक-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, तोवर मुलं उतरतात, म्हातारी माणसं चप्पल शोधतात.

ऑईल चांगलं की वाईट हे बोटांनी चोळून कळतं, हा समजही सोडला पाहिजे. डिझेल गाडीत नवं ऑईल शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये काळं होतं. काजळी अंगात घेणं हे त्याचं कामच आहे. उलट सोनेरी दिसणारं ऑईल आतून संपलेलं असू शकतं.

कंपनी कोणती घ्यावी, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात, म्हणून मी तो शेवटाकडे ठेवला. इंडियन ऑइलचं सर्वो १९७२ पासून बाजारात आहे, हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमची ऑईलं आहेत, कॅस्ट्रॉल, शेल, गल्फ आहेत. गाडीच्या कंपनीच्या नावाने मिळणारं ऑईलही बहुधा अशाच एखाद्या ऑईल कंपनीने तयार करून दिलेलं असतं. देशात तयार होणाऱ्या बेस ऑईलचा मोठा हिस्सा आपल्याच राज्यात, मुंबईत माहूलला हिंदुस्थान पेट्रोलियमच्या कारखान्यात निघतो. यांतलं कोणतंही, श्रेणी आणि नंबर जुळत असतील तर, बिनधास्त घ्या. ‘फुल सिंथेटिक’ या अक्षरांनी भारावून जायचं कारण नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातल्या जाहिरातीच्या तक्रारीवर निर्णय झाला, तेव्हापासून खनिज तेलावर खोल प्रक्रिया केलेलं बेस ऑईलही तिथे सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ते वाईट नसतं. पण त्या शब्दापेक्षा डब्याच्या मागची बारीक अक्षरं जास्त सांगतात.

खरा धोका बनावट मालाचा. रिकामे डबे भंगारात जातात आणि त्यांतले काही भरून परत येतात. म्हणून सील आपल्या डोळ्यांसमोर फोडायला लावा, झाकणावरचा क्यूआर कोड तपासा, तारीख आणि बॅच नंबर पाहा, आणि रिकामा डबा कापून किंवा भोक पाडून मगच टाका. बिल घ्या. वॉरंटीच्या काळात बाहेर ऑईल बदललं तर ते बिल आणि त्यावर लिहिलेला नंबर हाच आपला पुरावा असतो. काही डब्यांवर मिस्त्रीसाठी कूपन असतं, त्याचा राग मानू नये. पण डबा कोणता हे आपण सांगावं, मजुरी त्याची त्याला पुरी द्यावी.

खर्चाचं म्हणाल तर २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. छोट्या पेट्रोल गाडीचं पुस्तकाप्रमाणे ऑईल, फिल्टरसकट, साधारण अर्ध्या क्विंटलात बसतं. बाजारात तो भावही सगळ्यांना मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच चुकीच्या ऑईलने इंजिन बांधायची पाळी आपल्या माणसावर यायला नको. इंजिन खोलायचं म्हटलं की कितीतरी पोती जातात.

गाडीचं पुस्तक कपाटात सापडत नसेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. ‘इंजिन ऑईल’चं पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि दुकानात तेच दाखवा.

राहिलं जुनं काळं ऑईल. ते आपल्याकडे सेंट्रिंगच्या पाट्यांना लावतात, कुंपणाच्या खांबांना फासतात, उरलेलं नालीत ओततात. कायद्याने ते घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑईलच्या पुनर्वापराची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकणारे नियम लागू आहेत. त्यातून पुन्हा बेस ऑईल काढता येतं. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तिथे ते मातीत जाऊ देऊ नका. आपला गॅरेजवाला जुनं ऑईल कुणाला देतो हे त्याला विचारा, आणि जो ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देतो त्याच्याकडेच गाडी न्या.